बेस वाजवताना तुम्ही हाताकडे बघता का? मान वर करून वाजवायची सवय कशी लावायची, सल्ला हवाय

खर्जप्रेमी
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं बेस गिटार वाजवतेय, चार तारांचा, ३४ इंची स्केलचा (म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी ३४ इंच) साधा बेस. घरी एकटी वाजवते तेव्हा बरं जातं. तीन महिन्यांपासून एका बँडबरोबर प्रॅक्टिसला जायला लागले आणि परवा ड्रमरने स्पष्टच सांगितलं की तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत डाव्या हाताकडे बघत असतेस, गाणं थांबायच्या जागी मी मान हलवून खूण करतो ती तुला दिसतच नाही. खरंय त्याचं, दोनदा मी एकटीच पुढे वाजवत राहिले होते. मग ठरवून मान वर करून वाजवायला गेले तर चारपाच बार कसेबसे जातात, हात पहिल्या फ्रेटवरून (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या ते फ्रेट, त्यांच्या मधली जागा ते घर) सातव्या-आठव्यावर न्यायची वेळ आली की बोट एक घर आधीच टेकतं आणि बेस चुकला की अख्खं गाणंच चुकल्यासारखं वाटतं. विचारायचंय हे की अनुभवी लोक खरंच बघत नाहीत का? न बघता वाजवायला नेमका काय रियाज करायचा? आणि शॉर्ट स्केल (आखूड तारांचा) बेस घेतला किंवा नेकच्या कडेला अंधारात चमकणारे ठिपके लावले तर उपयोग होईल का? मनापासून शिकायचंय, सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

दोन नंबरची तार
बघतात. सगळेच बघतात, पण सतत नाही. कुठल्याही चांगल्या बेसिस्टचा लाइव्ह व्हिडिओ आवाज बंद करून बघ आणि नजर कधी खाली जाते तेवढंच टिप. लांब उडीच्या आधी अर्धा सेकंद खाली, की परत वर.

मेट्रोनोम ६०
माझं मत वेगळं आहे. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी पहिल्या दिवसापासून बघूच दिलं नाही, खोलीतला दिवा बंद करून स्केल वाजवायला लावायचे. पहिले दोन महिने फार कठीण गेले पण आज मी फ्रेटबोर्डकडे बघत नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही. बघायची मुभा ठेवली की मन तोच सोपा रस्ता धरतं, म्हणून मी तर म्हणेन पूर्ण बंद कर.

जुना फ्रेट
वीस वर्षं वाजवतोय, बऱ्याच जणांना शिकवलंही आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी हे बघ की तुझा हात नेमका कुठे चुकतोय. ३४ इंची बेसवर पहिलं घर साधारण ४८ मिलिमीटर रुंद असतं, पाचव्या फ्रेटच्या पुढचं ३६ आणि बाराव्याच्या पुढचं फक्त २४, म्हणजे बरोबर निम्मं. त्यामुळे पहिल्या फ्रेटवरून सातव्यावर जाताना हाताला फक्त अंतर कापायचं नसतं, जसजसा वर जातो तसतशी त्याची मापंही बदलत जातात, आणि तुझ्या हाताला खालची मापं माहीत आहेत पण वरची अजून माहीत नाहीत कारण तिथलं काम आजवर डोळ्यांनीच केलंय. गंमत म्हणजे साडेपंचवीस इंची गिटारची जी घरं असतात तीच तुझ्या बेसवर पाचव्या फ्रेटपासून पुढे मिळतात, जवळजवळ तंतोतंत. कधी गिटार वाजवली असशील तर हाताला ती ओळख आधीच आहे, तिचा फायदा घे.

दुसरं म्हणजे न बघता वाजवताना हाताला धरून ठेवायला काहीतरी लागतं. नेकच्या मागे अंगठा साधारण मधल्या बोटासमोर असू दे आणि हात सरकवताना त्यालाही बरोबर ने, पुष्कळांचा अंगठा मागेच राहतो आणि बोटं एकटीच पुढे ताणली जातात, मग घर चुकणारच. पहिल्या जागेवर असताना तर्जनीच्या बाजूला नट (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) लागतं, वर गेलीस की तळव्याला बॉडीची कड जाणवते. आणि सरकताना एक बोट तारेवरच हलकं टेकवून ठेव, पूर्ण उचलू नकोस, म्हणजे प्रत्येक फ्रेट बोटाखालून गेल्याचं कळतं. अंधारात घरातल्या दिव्याचं बटण आपण भिंतीवरून हात फिरवतच शोधतो, हवेत हात नेऊन नाही.

आता रियाज. हा मी प्रत्येकाला देतो कारण यात आपण चुकलो की नाही ते बेस स्वतःच सांगतो. आधी नीट ट्यून कर. डोळे मिट, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेव. ईच्या तारेवर (जाडीकडून बारीककडे तारा ई, ए, डी, जी) पहिल्या फ्रेटचा एफ वाजव, मग त्याच तारेवर पाचव्या फ्रेटवर जा आणि लगेच शेजारची एची मोकळी तार वाजव. दोन्ही सूर एकच आले तर बरोबर पोचलीस. मग दहाव्यावर उडी आणि डीची मोकळी तार. मग बाराव्यावर उडी आणि ईचीच मोकळी तार, तिथे ऑक्टेव्हचा (एका सप्तकाचा) फरक ऐकू यायला हवा. एच्या तारेवर तसंच, पाचव्याला डीची मोकळी आणि दहाव्याला जीची. उडीच्या आधी पुढचा सूर तोंडाने गुणगुण, मनात नको, मोठ्याने, गळा चांगला नसला तरी चालेल. हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. कानाला सूर आधी ऐकू आला की हात त्याच्या मागे जातो, आणि चुकला तरी किती घरं चुकला ते डोळे न उघडता कळतं. चुकल्यावर बघून बोट हलवू नकोस, परत पहिल्या फ्रेटवर ये आणि उडी पुन्हा मार. रोज दहा मिनिटं पुरे, पण रोज.

मेट्रोनोम ६० शी मी आदराने असहमत आहे. रियाजात डोळे बंद ठेवावेत हे शंभर टक्के मान्य, पण स्टेजवर बघायचं नाही ही शपथ घेऊ नये. तिथे लोकांना बरोबर सूर हवा असतो. मी आजही लांब उडीच्या आधी बघतो, मात्र हाताकडे नाही, हात जिथे जाणार आहे त्या फ्रेटच्या बाजूच्या ठिपक्याकडे. हात निघण्याआधी नजर तिथे पोचलेली असते आणि हात पोचेपर्यंत नजर परत ड्रमरवर आलेली असते.

खर्जप्रेमी
बापरे, किती नीट सांगितलंत! आत्ताच करून बघितलं, पाचव्यावर दहातून चार वेळाच पोचले. अंगठा मागे राहतो हे तर माझ्या बाबतीत अगदी खरं निघालं.

उभा बेस
मी डबल बेस वाजवतो, ऑर्केस्ट्रात आणि जॅझमध्ये. आमच्याकडे फ्रेटच नाहीत, तारेची लांबी साधारण ४१-४२ इंच, अगदी वर नटजवळ एका सेमीटोनला (अर्ध्या सुराला) जवळजवळ ६ सेंटिमीटर हात हलतो आणि फिंगरबोर्डचं तोंड समोरच्या श्रोत्यांकडे, आम्हाला तो बाजूने तिरकाच दिसतो. डोळे एक तर पुस्तकावर नाही तर कंडक्टरवर. मग आम्ही काय करतो तर हाताचा आकार पक्का ठेवतो. सिमांडल पद्धतीत (डबल बेस शिकवायची एक पद्धत) खालच्या जागांवर पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, तिसरं चौथ्याला आधार देतं, म्हणजे एका पंजात दोन सेमीटोन. तो पंजा न मोडता जागा बदलायची. आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथे अंगठा टेकला की जीच्या तारेवर पहिल्या बोटाखाली डी येतो, काही बेसवर ई फ्लॅट, ते आपल्या वाद्याचं एकदा तपासून घ्यायचं, मग आयुष्यभर ती खूण उपयोगी पडते. हे सांगायचं कारण, लिओ फेंडरने १९५१ मध्ये फ्रेटवाला बेस काढला आणि त्याचं नावच प्रिसिजन (अचूकता) ठेवलं, कारण फ्रेटमुळे सूर नेमका लागतो. तुझ्या हातातलं वाद्य चूक पोटात घालणारं आहे, बोट घरात जरा मागेपुढे पडलं तरी सूर तोच येतो. त्याच्यावर भरवसा ठेव. आणि पहिल्या चार फ्रेटमध्ये पंजा ताणण्यापेक्षा आमची एक-दोन-चारची बोटं वापरून बघ, हात सैल राहिला की जागा चुकत नाही.

माइकसमोर
गात गात वाजवायला लाग. गंभीरपणे सांगतेय. तोंड माइकला लावलं की खाली बघताच येत नाही, मान वाकवली की आवाज गेला. पॉल मॅकार्टनी, स्टिंग, गेडी ली, एस्पेरान्झा स्पॉल्डिंग हे सगळे वाजवता वाजवता गातात, आणि गेडी ली तर वर पायाने बेस पेडलही वाजवतो, त्याने बघायचं म्हटलं तरी कुठे कुठे बघणार! साध्या गाण्यापासून सुरू कर, फक्त रूट नोट (कॉर्डचा मूळ सूर) वाजव आणि मुखडा गा. पहिला आठवडा दोन्ही बिघडतं, घाबरू नकोस. गाणं येत नसेल तर आकडे मोज, एक दोन तीन चार, मोठ्याने, समोरच्या भिंतीकडे बघत.

मान दुखी
खरेदीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सगळ्यात आधी स्ट्रॅपची लांबी बघ. बसून वाजवताना बेस जिथे असतो तिथेच उभं राहिल्यावर असायला हवा. घरी मांडीवर ठेवून रियाज करायचा आणि बँडमध्ये कंबरेखाली लटकवायचा असं केलं की हाताची सगळी मापं बदलतात, मग न बघता येणार कसं. माझं हेच झालं होतं. शिवाय मी फ्रेट दिसावेत म्हणून बेस स्वतःकडे झुकवायचो, त्याने डावं मनगट वाकायचं आणि मान तासन्‌तास खाली, सहा महिने दुखणं काढलं. नेकच्या वरच्या कडेचे ठिपके असतात ना, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या फ्रेटला एकेक आणि बाराव्याला दोन, ते वाजवणाऱ्यासाठीच असतात. समोरचे बघायला बेस झुकवू नकोस. नेक खाली पडत असेल तर रुंद, खरखरीत आतल्या बाजूचा स्ट्रॅप घे, नाहीतर डावा हात नेक उचलण्यातच गुंततो.

चमकणारे ठिपके चांगले, स्टेजवर रंगीत दिवे लागले की साधे दिसेनासे होतात, तेव्हा जरूर लाव. शॉर्ट स्केल मात्र फक्त यासाठी घेऊ नकोस. ३० इंचावर घरं लहान होतात आणि हाताला सोपं जातं हे खरं, पण सवय तीच राहील. ३० इंची बेसचा आवाज आवडला तर घे, ते कारण चांगलं.

खर्जप्रेमी
स्ट्रॅप मोजला, उभं राहिल्यावर बेस जवळजवळ वीतभर खाली येत होता, आज वर घेतला. अजून एक विचारू का, उजव्या हाताचं काय? तार बदलताना मी तिकडेही बघते आणि मग डावीकडे बघायचं राहून जातं.

जुना फ्रेट
उजवा हात सोपा आहे, त्याला एकदा घर दिलं की झालं. अंगठा पिकअपवर (तारांखालचा चुंबकाचा भाग) नाहीतर ईच्या तारेवर टेकव. छेडलेलं बोट हवेत वर उचलू नकोस, तार छेडून ते पलीकडच्या जाड तारेवर जाऊन थांबू दे. म्हणजे डी वाजवलास की बोट एवर विसावलेलं असतं, आपण कुठे आहोत हे प्रत्येक सुराला स्पर्शाने कळत राहतं. बारीक दोन तारांवर (डी आणि जी) काम असेल तेव्हा अंगठा खाली सरकवून एवर घे, जाड तारा आपोआप गप्प होतात. पंधरा दिवस नुसत्या मोकळ्या तारांवर कर, डावा हात फक्त म्यूट करायला.

आणि डाव्या हाताला पण सगळंच शोधावं लागत नाही हे लक्षात ठेव. रूट सापडला की ऑक्टेव्ह दोन तारा पलीकडे दोन फ्रेट पुढे, फिफ्थ (रूटपासून पाचवा सूर) शेजारच्या तारेवर दोन फ्रेट पुढे, हे आकार कुठेही तेच. म्हणजे एका गाण्यात खरंच बघायच्या जागा किती, तर मोठ्या उड्या, चारपाच. त्या शोधून ठेव. उडीच्या आधीचा सूर मोकळ्या तारेचा घेता येत असेल तर घे, तार वाजत असताना हात मोकळा असतो, निवांत जाता येतं.

बिनफ्रेटवाला
फ्रेटलेसवाल्यांसाठी एक भर. बोट जरा मागेपुढे पडलं तरी चालतं हे वर 'उभा बेस'ने म्हटलेलं फ्रेटवाल्याला लागू, आम्हाला बोट मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी ऐकू येतं. आणि डोळ्यांवर विसंबलं तर फसगत होते कारण वरून तिरकं बघताना बोट रेषेवर दिसतं पण असतं नाही. शिवाय काही बेसवर बाजूचे ठिपके फ्रेटच्या जागेवर असतात आणि काहींवर दोन जागांच्या मध्ये, दुसऱ्याचा बेस हातात घेतला की आधी ते बघा. ठिपका फक्त परिसर सांगतो, सूर कानानेच लावायचा.

खर्जप्रेमी
तीन आठवड्यांनी लिहितेय. मोकळ्या तारेचा रियाज रोज केला, पाचव्यावर आता दहातून नऊदा पोचते, दहाव्यावर सात, बारावा अजून डळमळतो. आमच्या नऊ गाण्यांमधल्या बघायच्या जागा कागदावर काढल्या, सगळ्या मिळून एकवीस निघाल्या! मला वाटत होतं शेकडो असतील. काल प्रॅक्टिसला तेवढ्याच ठिकाणी खाली बघायचं ठरवलं होतं, दोन ठिकाणी जास्त बघितलं. पण ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघत वाजवलं तेव्हा किकबरोबर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबरोबर) माझा सूर असा बसला की तो वाजवता वाजवता हसला. आणि शेवटच्या गाण्यात त्याने मान हलवली ती मला दिसली, आम्ही दोघं एकत्र थांबलो.

दोन नंबरची तार
वा! बाराव्यासाठी तळव्याला बॉडी कुठे लागते ते बघ, माझा प्रश्न तिथेच सुटला होता.