एक्सिलरेटर, कुकर आणि गच्चीवरची टाकी
(इंदूरमधल्या एका सोसायटीच्या मराठी मंडळींचा ग्रुप)

१०२ काका: ३०३, काल पिथमपूरला नेऊन आणलंस, आभारी आहे. पण राऊच्या पुढे टेम्पोसुद्धा आपल्याला मागे टाकून गेला. गाडीत काही बिघाड आहे का रे?

३०३ दादा: 😄 बिघाड नाही काका. मी साठच्या वर नेतच नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून नव्वद म्हणजे वेग दीडपट, पण हवेचा रेटा सव्वादोन पट. पेट्रोल तिथेच जातं.

१०२ काका: आणि गीता भवन चौराह्यावर सिग्नल लाल दिसला तर इतक्या लांबूनच पाय उचललास. मागचा हॉर्न वाजवून वेडा झाला होता.

३०३ दादा: वाजवू दे. पुढे जाऊन तोही थांबलाच ना? गाडीला वेग द्यायला पेट्रोल खर्च झालंय, मग तो वेग ब्रेकमध्ये कशाला घालवायचा? पाय उचलायचा, गिअर तसाच ठेवायचा. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत त्या वेळी इंजिनला पेट्रोल जवळजवळ जातच नाही.

१०२ काका: आम्ही न्यूट्रल करायचो. मानपूरच्या घाटात तर स्कूटर बंदच करून उतरायचो.

३०३ दादा: आता न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं. आणि कार बंद करून घाट उतरणं तर नकोच काका. ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं.

३०३ काकू: गाडीपुरतं असतं तर मी काही बोलले नसते. हा आता स्वयंपाकघरात येतो. वरणाचा कुकर लावला की मागे उभा. शिटी झाली, आई गॅस बारीक कर. थोड्या वेळाने, आई आता बंदच कर, आत वाफ आहे तोवर शिजेल. परवा इस्त्री करत होते तर म्हणे बटण बंद कर, रुमाल उरलेल्या उष्णतेवर होतील. झाले हो!
आणि यात नवीन काय? माझी आई ग्वाल्हेरला, लष्कर भागात, कोळशाच्या शेगडीवर सगळा स्वयंपाक करायची. पोळ्या झाल्या की निवत्या शेगडीवर दूध, मग त्यावरच बंब नसला तर आंघोळीचं पाणी. गॅस आला आणि आपण विसरलो. डाळ भिजत घालायचीसुद्धा विसरलो, मग शिट्यांवर शिट्या.

२०४ ताई: काकू 👏👏 गीझरचंही तेच. आमच्याकडे पाणी तापलं की बंद करून मग आंघोळीला जातात. आधी शेवटचा मेंबर बाहेर येईपर्यंत चालू असायचा.

४०२ भाऊ: एसीला हे लागू नाही भिया. तिथे मी सोळावर टाकतो, दहा मिनिटांत गार, मग वाढवतो.

२०४ ताई: वाढवता का पण? 😜

१०२ काका: सोळाने लवकर गार होत नाही. खोली चौतीसला असेल तर चोवीस मागा नाही तर सोळा मागा, कॉम्प्रेसर आधी पूर्ण जोरातच चालतो. फरक नंतर पडतो. चोवीस झाल्यावर तो दम घेतो, सोळावर धावतच राहतो. म्हणून तर २०२० पासून स्टारवाले एसी चोवीसच्या सेटिंगवरच सुरू होतात. एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं.

४०२ भाऊ: बरं. पण इतका जीव काढून वाचतं किती? गाडीत तरी समोर अॅव्हरेज दिसतं.

३०३ दादा: हाच मुद्दा आहे! डॅशबोर्डवर आकडा नसता तर मीही सुधारलो नसतो. घरात खर्च दिसत नाही, महिन्याने बिल येतं तेव्हा कशाचे किती ते कळत नाही. म्हणून मी खाली जाऊन मीटरचा लाल दिवा बघतो. मीटरवर ३२०० इम्प असं काही छापलेलं असतं, कुणाचं १६०० असेल. तितक्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून फ्रिजचाही प्लग काढा आणि बघा. तरी लुकलुकला तर सेटटॉप बॉक्स, राउटर, कोणाचं तरी चालू आहे.

२०४ ताई: आम्ही पंखे बदलले. साधा ७५ वॅटचा, बीएलडीसी म्हणजे नव्या ब्रशलेस मोटारीचा तिशीच्या आसपास. बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. जुना डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू करूनही फार वाचत नाही, तो स्वतःच तापत बसतो.

१०१ आजी: सगळं करा, पण जिन्यातला दिवा कोणी बंद करायचा नाही. मला दिसत नाही.

३०३ दादा: आजी, तो एलईडी आहे, नऊ वॅटचा. त्याला हात लावायचा नाही असंच ठरवू.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे तर, गच्चीवरची टाकी रोज भरून वाहते. मोटार चालू केली की कोणी बंद करत नाही.

४०२ भाऊ: त्या मोटारीचं बिल कितीसं असणार?

१०२ काका: आपल्या मोटारीचं कमीच. पण पाणी कुठून येतं? जलूदहून, नर्मदेचं, सत्तरेक किलोमीटरवरून, विंध्य चढून. इंदूर साडेपाचशे मीटरवर, नदी दीडशेच्या आसपास. हजार लिटर चारशे मीटर चढवायलाच युनिटभराहून जास्त लागतं, पंपाची आणि पाइपची घट वेगळी. त्या विजेचा भार हलका व्हावा म्हणून तर महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, जलूदच्या साठ मेगावॅट सोलरसाठी. आणि आपण ते पाणी पन्हाळीतून रस्त्यावर सोडतो.

४०२ भाऊ: हे माहीत नव्हतं. मोटार आपोआप बंद होणारं काही लावता येईल का?

सेक्रेटरी: फ्लोट स्विच. इलेक्ट्रिशियन शनिवारी अकराला येतोय. गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

३०३ काकू: आमच्याकडे. वर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्यात, पाय सांभाळून ठेवायला सांगा त्याला.