जाहिरात एजन्सीतली नोकरी टिकेल का, ही धाकधूक कशी निभावता?

सिडको_आर्टिस्ट
मी छत्रपती संभाजीनगरच्या एका छोट्या एजन्सीत नऊ वर्षं आर्टिस्ट आहे. माहेर जालन्याचं. बियाणं कंपन्या, साड्यांची दुकानं, बिल्डर आणि मुख्य म्हणजे क्लासेस, हे आमचे क्लायंट. बारा जण होतो, दिवाळीनंतर सात उरलो. शनिवारी संध्याकाळी सांगितलं, सोमवारी खुर्च्या रिकाम्या.

मागच्या वर्षी लातूरच्या एका क्लासचं नीटच्या निकालाचं पान लावलं. एकशे चाळीस पासपोर्ट फोटो, प्रत्येकाखाली नाव आणि गुण. रात्री एक वाजता प्रूफ वाचताना दिसलं, एका पोरीचे ६४१ चे ६१४ झालेत. तिच्या घरी ते कात्रण जपून ठेवलं असतं हो! यंदा तोच क्लास म्हणतो, डिझाइन आमचं पोरगं मोबाईलवर करतं.

ओम्निकॉम या बड्या अमेरिकन जाहिरात कंपनीने आयपीजी ही दुसरी बडी कंपनी घेतली आणि डीडीबी, एफसीबी ही जुन्या एजन्सींची नावं बंद केली, हे वाचल्यापासून तर झोपच उडाली. दहा तारखेचा पगार पंचवीस तारखेला होतोय. मालक वाईट नाहीत, त्यांचेच पैसे अडकलेत. घरी अजून काही बोलले नाही. काय करावं?

गोलाईवाला
ताई, आधी घरी सांगा. २०२० मध्ये एका दैनिकाच्या जाहिरात विभागातून मला कमी केलं. लॉकडाऊन उठल्यावर दोन महिने रोज डबा घेऊन निघायचो, लातूरच्या गंजगोलाई बाजारात बसायचो, सहाला घरी. नोकरी गेल्याचं सोसलं, पण तो डबा खाताना घास उतरायचा नाही.

दुसरं, तुमची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायची रक्कम. पाच वर्षं झालीत, म्हणजे हक्काची आहे. शेवटचा बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक १४ हजार धरला तर नऊ वर्षांचे ७२ हजारांच्या वर जातात. एजन्सीत दहा माणसं होती ना? एकदा कायदा लागू झाला की नंतर माणसं घटली तरी सुटत नाही. नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा आजच घरी आणून ठेवा.

स्वतंत्र_परभणी
मी चार वर्षांपासून घरून काम करते. सुटं काम घेणार असाल तर आधी उद्यम नोंदणी करा, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, फुकट आहे. लेखी करार असला तरी क्लायंटला ४५ दिवसांपुढे पैसे ठेवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. बिलावर उद्यम नंबर छापा, मग फोन उचलतात. आणि प्रूफ वाचण्याचे वेगळे पैसे लावा. मोबाईलवर पोस्टर कुणीही करतं, पण ६१४ कोण पकडणार?

सिडको_आर्टिस्ट
दादा, काल रात्री ह्यांना सांगितलं. त्यांना महिनाभरापासून अंदाज होता, मी पहाटे उठून पगाराचा मेसेज बघते हे त्यांनी पाहिलं होतं. आज मालकांनाही सरळ विचारलं. येणेबाकीची वही समोर ठेवून म्हणाले, मार्चपर्यंत नक्की, पुढचं सांगवत नाही. ऐकताना पोटात गोळा आला, पण तारीख तरी कळली. नेमणूक पत्र कपाटात सापडलं, स्लिपा मागितल्यात. परभणीच्या ताई, प्रूफचा दर पानावर लावता की शब्दांवर?