मदत हवी आहे : ग्रुप बंद ठेवला तर आमच्या जाहिरातीचं काय?

नमस्कार मंडळी. वडगावात आमचं हातमागाच्या साड्यांचं छोटं दुकान आहे. गणपतीच्या तोंडावर रोज 200 रुपये घालून समाजमाध्यमावर जाहिरात चालवतो. शहापूर, खानापूर, निपाणीपर्यंतची गिऱ्हाइकं त्यातूनच फोन करतात. काल संध्याकाळीच एक मावशी मोबाईलवरचा फोटो दाखवत, "हीच अंजिरी काठाची काढ बघू," म्हणत दुकानात आल्या.

आता आमच्या भागातल्या एका मोठ्या मराठी ग्रुपने, मराठी पोस्ट विनाकारण उडवल्या जातात म्हणून, आठ दिवस ग्रुप बंद ठेवायचं ठरवलंय. त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीला याची झळ खरंच लागते का?

मी वाचलं ते असं : जुलै 2020 मध्ये हजाराहून जास्त कंपन्यांनी फेसबुकवरच्या जाहिराती थांबवल्या, तरी त्या जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत फेसबुकचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा 22 टक्क्यांनी वाढलं. कारण फेसबुकचे बहुतेक जाहिरातदार आमच्यासारखे लहान. उलट जून 2023 मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर काही ग्रुपांनी निषेध म्हणून स्वतःवर 'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का मारून घेतला. असा शिक्का असलेल्या ग्रुपांत तेव्हा जाहिराती दाखवत नसत, म्हणजे थेट गल्ल्यालाच हात! कंपनीने ते लगेच मोडून काढलं, यावरूनच कळतं दुखलं कुठे ते.

ज्यांनी असल्या बंदच्या काळात जाहिरात चालवली असेल त्यांनी सांगा, फोन कमी झाले का? मीही आठ दिवस थांबवू, की तेवढे पैसे पत्रकं छापण्यात घालू? रविवारपर्यंत ठरवायचं आहे.