नगरच्या मिशनऱ्यांची मुलं एवढ्या लहानपणी आईबापांपासून लांब का पाठवायचे?

माळीवाड्याची_लेक:
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे नगरचे, आता पुण्यात. आमच्या घरात ख्रिस्ती होऊन चौथी पिढी. माझ्या आजीची आई अमेरिकन मिशनच्या बंगल्यात आया होती, साधारण पहिल्या महायुद्धाच्या नंतरची गोष्ट. आजी सांगायची की साहेबांचा मुलगा तिच्या आईच्याच अंगाखांद्यावर वाढला, मराठी तर असं बोलायचा की पडद्याआडून ऐकलं तर गोरा आहे हे कळणार नाही. आणि मग सात वर्षांचा झाला तसा त्याला "मद्रासकडं" शाळेला पाठवलं. थंडीत घरी यायचा आणि पुन्हा जायचा. जायच्या आदल्या रात्री पणजी त्याच्यासाठी तिळाचे लाडू करून फडक्यात बांधून द्यायची आणि सकाळी टांगा गेला की चुलीपुढं बसून रडायची, आजीला हे पक्कं आठवायचं.

माझा मुलगा आता सात वर्षांचा आहे म्हणून असेल पण हे डोक्यातून जाईना. एवढ्या लांब देशातून लोकांची सेवा करायला आले, मग स्वतःचं लेकरू का लांब केलं? मद्रासकडेच का? आणि ती मडमबाई कशी राहत असेल? कुणाला या कुटुंबांच्या रोजच्या जगण्याबद्दल माहिती असेल तर सांगा, धर्मांतराचा वाद नको आहे मला आत्ता.

जुनं_नगर:
ताई, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. थोडं मागून सांगतो.

हे मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. पहिले लोक १८१३ ला मुंबईत उतरले, नगरला ठाणं पडलं १८३१ मध्ये. त्या पहिल्यांपैकी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर कॉलऱ्यानं वाटेतच गेले, तेव्हा त्यांची बायको अमेरिकेत होती, आणि बोटीनं पत्र पोचायलाच चार-पाच महिने लागायचे म्हणजे आपण विधवा झालोय हे त्या बाईला किती उशिरा कळलं असेल बघा. कॉलरा, ताप, हगवण यानं बायका-मुलं पटापट जायची. त्यामुळे मूल जरा मोठं झालं की मायदेशी नातेवाइकांकडे पाठवायचं ही रीतच पडली. शिक्षणाचं कारण होतंच, पण जीव वाचावा हे त्याच्या आधी.

आता ह्यूम घराणं बघा. थोरले ह्यूम १८३९ ला आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम, जन्म मुंबईचा, १८४७. तब्येत ढासळली म्हणून १८५४ मध्ये थोरले ह्यूम कुटुंबासकट अमेरिकेला निघाले आणि वाटेत समुद्रातच वारले. रॉबर्ट तेव्हा सात वर्षांचा, तुमच्या मुलाएवढाच. आईनं एकटीनं पोरं वाढवली, रॉबर्ट येलला शिकला. आणि हे पोरगं १८७४ ला परत कुठं आलं तर नगरला! वडील ज्या कामात गेले त्याच कामाला. पन्नासेक वर्षं राहिले इथं. १८७८ ला पाळक तयार करण्यासाठी सेमिनरी काढली, १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या मदतीचं वाटप सांभाळलं. स्मृतिचित्रे वाचलेल्यांना ह्यूमसाहेब माहीत असतीलच.

त्यांची दुसरी बायको केटी ही वडाळ्याच्या फेअरबँक मिशनऱ्यांची मुलगी, म्हणजे माहेर नेवाशाकडचं आणि सासर नगरचं, आपल्यासारखंच. मुलगी रूथ डॉक्टर होऊन १९०३ ला आली आणि बायकांसाठी दवाखाना उभा केला, आज आपण ज्याला बूथ हॉस्पिटल म्हणतो त्याचं मूळ तेच. पुतण्या एडवर्ड ह्यूम नगरमध्येच जन्मला, १८७६ ला, त्यानं पुढे चीनमध्ये चांगशा गावी १९०६ ला हॉस्पिटल सुरू केलं. लांब पाठवलेली मुलं परत का यायची याचं उत्तर मला वाटतं यातच आहे, त्यांना घर म्हणजे इकडचंच वाटायचं.

पळणीची_वाट:
"मद्रासकडं" म्हणजे कोडाईकनाल असणार, मला जवळजवळ खात्री आहे! मी मदुराईला नोकरीला होते सहा वर्षं, तेव्हा बऱ्याचदा जाणं व्हायचं. नगरचं मिशन अमेरिकेतून चालवणारं जे बोर्ड होतं, त्याचंच दुसरं मिशन मदुराईला होतं, त्यांची इतकी माणसं आजारानं मेली की १८४५ मध्ये त्यांनी वर डोंगरावर बंगले बांधले, नुसतं जीव वाचवायला. पुढे १९०१ ला तिथंच मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली, हायक्लर्क म्हणायचे. त्यामुळे मुलं अमेरिकेला न पाठवता देशातच ठेवता यायला लागली, वर्षानुवर्षं ताटातूट व्हायची ती निदान काही महिन्यांवर आली. तशी मसूरीला वुडस्टॉक होतीच, पण मद्रासकडं म्हणत असतील तर कोडाईच.

आणि तुमच्या आजींची थंडीची आठवण एकदम बरोबर जुळते. डोंगरावरची शाळा म्हणून मोठी सुट्टी उन्हाळ्यात नाही तर थंडीत असायची. मे महिन्यात उलट आईबाप वर जायचे मुलांना भेटायला, निदान आई तरी जायचीच. नगरहून आगगाडीनं कोडाई रोड स्टेशन आणि तिथून वर घाट, सात वर्षांच्या पोरासाठी ते पण अमेरिकेएवढंच लांब म्हणा.

भाऊसाहेब_वाकडी:
सगळं खरं आहे पण एक बाजू राहतेय म्हणून लिहितो, वाद घालायला नाही. आमचे पंजोबा गावात मिशनचे मास्तर होते, मूळ महार समाजातले. शाळा मिळाली, अक्षर मिळालं, पाटलाच्या वाड्यापुढून मान वर करून जाता आलं, हे उपकार आम्ही विसरलो नाही आणि विसरणार नाही. सिंथिया फॅरार बाई तर लग्न न करता १८२७ ला आल्या, मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ ला नगरच्याच मातीत गेल्या, सावित्रीबाईंचं शिक्षकी प्रशिक्षण त्यांच्याकडेच झालं असं सांगतात. पण साहेबाचा बंगला दगडी, उंच छताचा, आचारी माळी आया सगळं, आणि मास्तराला मात्र दोन खोल्या. कारभाराचा शेवटचा शब्द साहेबाचा. पंजोबा बंगल्यावर गेले तर मागच्या ओट्यावर बसायचे असं आमच्याकडे सांगतात. ना. वा. टिळकांनी १९१७ ला मिशनचा पगारच सोडला तो काही उगाच नाही, त्यांना ख्रिस्त पाहिजे होता पण आपल्या मातीतला, पेटीवर म्हटलेल्या विलायती चालीतला नव्हे. ह्यूमसाहेब त्या मानानं मोकळ्या मनाचे. ज्यांच्या कानावर येशूचं नावच गेलं नाही त्यांना मेल्यानंतर तरी उद्धाराची संधी मिळेल असं त्यांनी अमेरिकेत बोलून दाखवलं म्हणून १८८६-८७ मध्ये त्यांना नगरला परत पाठवायचं की नाही यावर बोर्डात मोठा गदारोळ झाला होता. आपल्या आजा-पणजाच्या बाजूनं तिकडे भांडणारा माणूस होता तो.

ताई, तुमच्या पणजीचंही तेच. तिचं स्वतःचं लेकरू त्या वेळी कोण सांभाळत होतं हे पण विचारा घरी.

जुनं_नगर:
भाऊसाहेब, ओट्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून गप्प झालो. बरोबर आहे तुमचं. मडमबाईंच्या दिवसाबद्दल राहिलं होतं, ते थोडक्यात. सकाळी मुलींची शाळा, दुपारी बायबलबायांबरोबर (बायकांना घरोघर बायबल सांगणाऱ्या इथल्याच ख्रिस्ती बाया) वस्तीवर, औषधाची पेटी दारातच. थंडीत साहेब तंबू आणि बैलगाडी घेऊन गावोगाव दौऱ्यावर, म्हणजे नेमकी मुलं घरी असायची तेव्हाच बाप बाहेर. पंडिताकडून मराठीची शिकवणी सगळ्यांना सक्तीची, परीक्षा असायची.

माळीवाड्याची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पळणीची वाट ताई आणि भाऊसाहेब. काल रात्री आईला फोन लावला. भाऊसाहेबांचा प्रश्न तसाच विचारला. आई थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली की आजी तेव्हा तीन-चार वर्षांची होती, तिला शेजारच्या म्हातारीकडे ठेवायचे, आणि पणजी संध्याकाळी बंगल्यावरून आली की तिच्या लुगड्याला साहेबाच्या घरच्या साबणाचा वास यायचा म्हणून आजी तिच्याजवळ जायचीच नाही, आधी हात-पाय धू म्हणायची.

आणि लाडवांचं पण कळलं. कोडाईची शाळा जानेवारीत सुरू व्हायची ना, म्हणजे मुलगा संक्रांतीच्या आसपासच निघायचा. पणजी दोन फडकी बांधायची. एक त्याच्यासाठी, एक आजीसाठी.