जळगावच्या उन्हाळ्यात बाळाच्या मानेवरील घामोळे

प्रश्न : आमचे बाळ तीन महिन्यांचे असून मे महिन्याच्या उकाड्यात त्याच्या मानेच्या वळ्यांत लालसर पुरळ उठले आहे. सासूबाई डाळीचे पीठ व पावडर लावण्यास सांगतात. ते योग्य ठरेल का?

उत्तर १ : ताई, दोन्ही टाळावे. घामाच्या नलिका बंद झाल्याने घामोळे येते. पीठ चोळल्याने नाजूक त्वचा सोलवटते आणि पावडर श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकते. साध्या पाण्याने अंघोळ घालून, वळ्या उलगडून, मऊ कापडाने टिपून घ्याव्यात आणि सैल सुती झबले घालावे.

उत्तर २ : खोलीत हवा खेळती ठेवली, तर बहुधा काही दिवसांत ते ओसरते. दाट तेल मात्र सध्या नको.

उत्तर ३ : पुरळात पू दिसला किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक असला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.