शब्दचर्चा : पाणी, गर्भजल, पाणमोट

प्रश्न : बहिणीला आठवा महिना आहे. सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "लायकर कमी आहे." घरी येईपर्यंत त्याचं "पाणी कमी झालंय" असं झालं, आणि तिने उशाशी तांब्या ठेवून दोन दिवस पेल्यामागून पेले पाणी पिऊन काढले. लायकरला नेमका मराठी शब्द कोणता? गर्भजल आणि पाणमोट एकच का?

उत्तर : एक नाहीत. पाणमोट ही बाळाभोवतीची पिशवी, गर्भजल हे तिच्यातलं पाणी, म्हणजेच डॉक्टरांचं 'लायकर'. म्हणून पाणमोट फुटते आणि गर्भजल वाहून जातं. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना भरलेली, ताणलेली पिशवी लगेच डोळ्यांसमोर येईल. फार नेमका शब्द आहे हा, तो हरवू नये असं मला मनापासून वाटतं. संस्कृतात या वेष्टनाला उल्ब म्हणतात. काम ज्ञानाला कसा झाकतो हे सांगताना गीतेच्या तिसऱ्या अध्यायात उल्बाने वेढलेल्या गर्भाचा दृष्टांत येतो.

तुमच्या बहिणीचा घोटाळा 'पाणी' या शब्दाने केला. हे पाणी आईच्या तहानेचं नव्हे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतून तयार होतं. बाळ तेच गिळतं, पुन्हा लघवी करतं, असा फेरा चालू राहतो. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास ते साधारण 800 मिलिलिटर असतं, पुढे थोडं कमी होतं. वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाला रक्तपुरवठा कमी पडला, बाळाच्या मूत्रपिंडात दोष असला किंवा पाणमोटेतून झिरप चालू असली तर ते घटतं. आईने भरपूर पाणी प्यायल्याने कधी थोडा फरक पडतोही, पण मूळ कारण त्याने जात नाही. तांब्या राहू द्या, पण कारण काय ते डॉक्टरांना विचारा आणि पुढची तपासणी चुकवू नका. उलट, आईला मधुमेह असला किंवा बाळाला गिळता येत नसलं तर गर्भजल वाढतं.

पुरवणी प्रश्न : वार आणि नाळ? बातम्यांत दोन्हींना नाळच म्हणतात.

उत्तर : ती चूकच. नाळ ही दोरी, ती बाळाच्या बेंबीपासून वारेपर्यंत जाते. वार गर्भाशयाला चिकटलेली असते आणि बाळानंतर पडते. "वार खाली आहे" म्हणजे ती गर्भाशयाच्या तोंडाशी आली आहे, आणि त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. तिथे 'नाळ खाली' म्हटलं तर अर्थच बदलतो. वारेलाच जारही म्हणतात, तो शब्द मात्र आता बहुतेक गाईम्हशींपुरताच उरला आहे.

आणखी एक. "अंगावरून पाणी जातंय" हे आपल्याकडे श्वेतप्रदरालाही, म्हणजे अंगावरून पांढरं जाण्यालाही, म्हणतात. त्यामुळे गरोदर बाईने एवढंच सांगितलं तर ऐकणारा "असतं तसं" म्हणून सोडून देतो. 37 आठवड्यांच्या आत पाणमोट फुटली तर जंतुसंसर्गाची आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची भीती असते, तिथे एक तासही दवडू नये. फोनवर सांगताना "पाणमोट फुटली असावी" असंच म्हणावं. किती वाजल्यापासून जातंय, कपडा किती भिजला, रंग कसा आहे हेही सांगावं. हिरवट असेल तर ते आधी सांगावं, कारण बाळाने आत शी केलेली असू शकते.