कंपनीची टीम गावाची कशी होते? अकिताबद्दल विचारायचं होतं

हिंगण्याचा_लेफ्टबॅक
भाऊ लोकं, जपानच्या खालच्या लीगा कोणी फॉलो करते का इथं? मी हिंगणा एमआयडीसीत कामाला आहे, आमच्या कंपनीची फुटबॉल टीम बावीस वर्षं झाली चालू आहे, जनरल शिफ्ट सुटली की साडेपाचला काळ्या मातीच्या ग्राउंडवर प्रॅक्टिस, पावसाळ्यात स्टडला एवढा चिखल चिकटते की पाय उचलत नाही. जर्सीवर कंपनीचं नाव, मॅच झाली की घरून धुवून आणायची अन् स्टोअरमधे जमा करून रजिस्टरवर सही. मागच्या महिन्यात सांगितलं की पुढच्या वर्षी टीमला बजेट नाही. पोट्टे काही बोललेच नाही, बूट सोडत बसले नुसते.

तेव्हापासून रात्री शोधून राहिलो की अशी टीम कुठं वाचली का, तर उत्तर जपानमधल्या अकिताचं नाव सापडलं. टीडीकेची टीम म्हणे! आमच्या महालातल्या घरी बाबांचा टीडीके डी-९० कॅसेटचा डबा आहे अजून, मागची प्लास्टिकची पाकळी तोडून ठेवलेली, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होऊ नये. त्या कंपनीची टीम खरंच आज जे२ मधे, म्हणजे जपानच्या दुसऱ्या दर्जाच्या व्यावसायिक लीगमधे, खेळते का? अन् कंपनीची टीम शहराची झाली म्हणजे नेमकं काय झालं, खेळणाऱ्यांच्या नोकरीचं काय, जरा नीट सांगा.

धरमपेठ_१०नंबर
खरं आहे दादा. ब्लाउब्लिट्झ अकिता, जर्मन शब्द आहेत, निळी वीज. १९६५ ला टीडीकेच्या कामगारांची टीम म्हणून सुरू झाली, अन् अकिता शहरात नाही, निकाहोत, चोकाई डोंगराच्या पायथ्याशी समुद्राकाठचं छोटं गाव. टीडीकेचे संस्थापक केंझो साइतो तिकडचे, म्हणून १९३५ ला कंपनी टोकियोत निघाली तरी कारखाने त्यांनी आपल्या मुलखात नेले. त्याच १९६५ ला जपानची पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली, ८ टीम, मित्सुबिशी, हिताची, फुरुकावा, यानमार, सगळ्या कंपन्यांच्याच. टीडीके त्यात नव्हती, तिचा बराचसा काळ उत्तरेच्या तोहोकू भागातल्या प्रादेशिक लीगमधे गेला, जेएफएलमधे, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खालच्या देशभराच्या लीगमधे, आली ती २००७ ला.

आता तुझा मुद्दा. १९९३ ला १० क्लब घेऊन जे लीग ही व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हाच ठरलं होतं की क्लबच्या नावात कंपनी नको, गाव पाहिजे. हे लावून धरणारे साबुरो कावाबुची स्वतः फुरुकावाच्या कंपनी टीममधून खेळलेले, म्हणजे घरातलाच माणूस. त्यामुळे टीडीकेला वर जायचं तर क्लबची वेगळी कंपनी काढावीच लागली, २०१० पासून नवीन नाव अन् घर अकिता शहरात. टीडीके सोडून नाही गेली पण. मालक होती, प्रायोजक झाली, शर्टवर छातीवर नाव तिचंच. माझ्या मते सगळी गंमत इथं आहे, हात एकदम काढून घेतला असता तर टीम त्याच वर्षी संपली असती.

नोकरीचं म्हणशील तर २०१४ ला जे३, म्हणजे तिसऱ्या दर्जाची लीग, सुरू झाली तेव्हा अट होती की टीममधे निदान ३ खेळाडू व्यावसायिक कराराचे पाहिजे. तीनच! म्हणजे खालच्या लीगमधे सकाळी सराव अन् दुपारी कुठंतरी काम हे तिकडंही चालते.

२०१७ ला हे लोक जे३ जिंकले अन् वर जाता नाही आलं, स्टेडियम निकषात बसत नव्हतं म्हणून जे२ चं लायसन्सच नव्हतं. ते वाचलं की मला अजून पोटात कालवते. मग २०२० ला परत जिंकले, पहिल्या २८ मॅच न हरता, अन् २०२१ पासून जे२. अन् हे अशा जिल्ह्यात, जिथं म्हाताऱ्यांचं प्रमाण जपानमधे सगळ्यात जास्त अन् हिवाळाभर बर्फ. २०२६ पासून जे लीगचा मोसम ऑगस्टला सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर संपणार, म्हणजे हिवाळा मोसमात येणार, त्याचा सगळ्यात जास्त त्रास यांनाच.

बर्डी_ते_हामामात्सु
होंडाचंही पाहून घे. होंडा एफसी, हामामात्सु, १९७१ ची टीम, आजही कंपनीचीच. २०१६ ते २०१९ लागोपाठ ४ वेळा जेएफएल जिंकली, पण वर जात नाही, त्यांना जायचंच नाही. वर जाऊ पाहणाऱ्या टीमला यांच्याशी भिडूनच जावं लागते म्हणून तिकडं त्यांना जेएफएलचा द्वारपाल म्हणतात. २०१९ च्या एम्परर्स कपमधे, म्हणजे जपानच्या राष्ट्रीय बाद फेरीच्या स्पर्धेत, उरावा रेड्ससारख्या मोठ्या क्लबला २-० नं हरवलं, उपांत्यपूर्व फेरीत काशिमाकडून ०-१ नं गेले. खेळणारे कामगार!

पण सोनी सेंदाईचं पाहा. १९६८ पासूनची टीम, एक वेळ जेएफएल चॅम्पियन, २०२४ चा मोसम संपला अन् बंद. आपल्याकडं महिंद्रा युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली अन् २०१० ला बंद, पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारी पंजाबच्या जेसीटी मिलची टीम २०११ ला. चांगलं खेळल्यानं कंपनी टीम वाचते असं नाही दादा, वर बसलेल्या माणसाला फुटबॉल आवडते तोवर ती असते. म्हणून मी तरी अकिताचाच रस्ता धरीन.

कामठीचे_काका
बेटा, मी एका ऑफिसच्या टीममधून अकरा वर्षं खेळलो, नोकरी फुटबॉलवरच लागली, घर त्याच्यावर उभं राहिलं. टीम बंद झाली तेव्हा आम्ही कोणाच्या दारात नाही गेलो, हे मले आजही लागते. कामठीत पाहा, रब्बानी ग्राउंडवर संध्याकाळी पोरं खेळतात ते मोहल्ल्याच्या जोरावर, कोणी मालक नाही त्यांचा. तुम्ही आधी एक काम करा, बजेट मागू नका, नाव मागा. टीमची जिल्हा असोसिएशनची नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते पाहा, अन् ती क्लबच्या नावावर करून द्या म्हणून लिहून मागा. जर्सीवर कंपनीचं नाव ठेवतो म्हणा, त्याच्या बदल्यात ग्राउंड द्या. नवीन ग्राउंड शोधायला गेले तर टीम तिथंच फुटते, मी पाहिलं आहे.

हिंगण्याचा_लेफ्टबॅक
काका, नोंदणीचं डोक्यातच नव्हतं आलं. आज शिफ्टनंतर विचारलं, कंपनीच्याच नावावर आहे. सोमवारी आम्ही सहाजण अर्ज घेऊन जाऊन राहिलो, नाव अन् ग्राउंड दोन्ही मागतो. धरमपेठवाले दादा, टीडीकेचं जे लिहिलं ते मी अर्जातही टाकून राहिलो, चालेल ना? अन् बाबांना ही गोष्ट सांगितली, ते उठून डबा घेऊन आले अन् एकेक कॅसेट पाहत बसले.